मुंबई पाहावी कशी?

माळव्यातील खेड्यांतून आमच्या शाळेत येणारी मुले आणि त्यांचे पालकही मुंबईचे नाव काढताच बिचकतात. भीतीपोटी पुढील शिक्षणाची संधीसुद्धा सोडतात. म्हणून थोडे सांगतो. एका दिवशी एकच भाग पाहावा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत (बांधकामास आरंभ १८७८, जागतिक वारसा २००४) रस्त्यापलीकडून निवांत न्याहाळावी, मग फोर्टमधून पायी गेटवेपर्यंत जावे. रविवारी सकाळी हा भाग बराच शांत असतो. धीमी लोकल प्रत्येक स्थानकावर थांबते, जलद लोकल मधली गाळते. नवख्याने धीमीच धरावी. फलाट कोणत्या बाजूला येईल हे सहप्रवाशाला आधीच विचारून दाराकडे सरकावे. विचारायला लाजू नये. आपल्या मराठीचा इंदुरी हेल ऐकून कोणी हसलेच, तर हसू द्यावे!