स्थौल्यशस्त्रक्रिया आणि रुग्णाचे आकलन

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात रुग्णाचे चार गुण सांगितले आहेत : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. परीक्षेसाठी आपण सर्वांनीच ते पाठ केले. परंतु स्थौल्यावरील शस्त्रक्रियेच्या विचारात असलेला रुग्ण समोर बसतो, तेव्हा त्यांचे मोल विशेषत्वाने जाणवते.

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढला जातो. पुढे आहार द्रवापासून घनापर्यंत टप्प्याटप्प्याने न्यावा लागतो. ब-१२, ड जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम इत्यादी पूरके आजन्म घ्यावी लागतात व रक्ततपासणी नियमित करावी लागते. शल्यकर्म काही तासांचे. पश्चात्कर्म मात्र जन्मभराचे, आणि तेही रुग्णाच्याच हाती.

एक पदवीधर रुग्णा शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी हातापायांना मुंग्या येतात म्हणून आमच्याकडे आली. तपासणीत ब-१२ अत्यंत कमी आढळले. गोळ्या वजन उतरेपर्यंतच घ्यायच्या, असा तिचा समज होता. संमतिपत्रावर सही होती, आकलन नव्हते.

साक्षरता आणि आरोग्यसाक्षरता या भिन्न गोष्टी होत. शिवाय स्थौल्यासोबत आढळणारे मधुमेह, विषाद व झोपेत श्वास अडण्याचा विकार यांमुळे अवधान आणि स्मृती मंदावू शकतात. एवढ्यावरून रुग्णास मंदबुद्धी समजणे किंवा शस्त्रक्रियेस अपात्र ठरविणे योग्य नव्हे. समजावण्याची रीत बदलावी.

आम्ही एका भेटीत तीनच मुद्दे सांगतो, ते सोप्या मराठीत लिहून देतो आणि शक्यतो घरातील एका व्यक्तीस सोबत बसवितो. ‘समजले का?’ असे विचारल्यास होकारच मिळतो. म्हणून ‘घरी गेल्यावर हे कसे सांगाल?’ असे विचारतो. उत्तर चुकल्यास दोष आमच्या सांगण्याचा मानून पुन्हा सांगतो.

औषधविक्रेत्या बंधुभगिनींचे साहाय्यही मोलाचे आहे. बायपास झालेल्या रुग्णास वेदनाशामक गोळ्या परस्पर देऊ नयेत. व्रणाचा धोका असतो. सतत उलट्या होत असल्यास ब-१ च्या अभावाने मेंदूस इजा पोहोचू शकते. त्यास विनाविलंब शल्यचिकित्सकांकडे पाठवावे. मधुमेहाच्या औषधांची मात्रा शस्त्रक्रियेनंतर बहुधा घटते. जुन्या चिठ्ठीवर ती देऊ नयेत. गुग्गुळकल्पांसह चालू असलेली सर्व औषधे शल्यचिकित्सकांना शस्त्रक्रियेपूर्वीच कळवावीत.

रुग्णाच्या अंगी हे चार गुण आहेत की नाहीत, हे पाहून आपले काम संपत नाही. ते येण्यास साहाय्य करणे, हेही वैद्याचेच कर्तव्य आहे.