महिला मंडळात आईची जागा राखून ठेवा

वयोवृद्ध स्त्रीला तपासताना रक्तदाब, साखर आणि गुडघ्यांची चौकशी मी करतोच. परंतु आणखी एक प्रश्न सोबतच्या नातेवाइकांना आवर्जून विचारतो : 'या महिला मंडळात जातात का?' काहींना तो अप्रस्तुत वाटतो. तो तसा का नाही, हे मंडळांच्या इतिहासावरून ध्यानी येईल.

ग्रामीण स्त्रियांच्या संघटनेचे आरोग्याशी असलेले नाते जुने आहे. कॅनडातील ॲडलेड हूडलेस यांचे तान्हे मूल १८८९ मध्ये दगावले. त्याचा दोष दूषित दुधाकडे गेला. घरगुती स्वच्छतेचे ज्ञान शेतकरी स्त्रियांना मिळावे, या त्यांच्या तळमळीतून १८९७ मध्ये स्टोनी क्रीक येथे पहिली 'विमेन्स इन्स्टिट्यूट' स्थापन झाली आणि पुढे ही चळवळ अनेक देशांत पसरली.

आपल्याकडे पाणवठा, जाते, भजन आणि नागपंचमीचा झिम्मा-फुगडी ही स्त्रियांची एकत्र येण्याची ठिकाणे होती. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि ग्रामसेविकांनी गावोगाव महिला मंडळे बांधली. शिवण, बालवाडी, निर्धूर चूल, बाळ-बाळंतिणीची निगा हे त्यांचे विषय. कोल्हापूर जिल्ह्यात या कामाला सहकाराची जोड मिळाली. 'गोकुळ' दूध संघ १९६३ चा. गोठ्यातले बहुतेक कष्ट बाईचेच. वारणानगरात साखर कारखान्याच्या परिसरात भगिनी मंडळ उभे राहिले. १९९२ पासून बचत गट बँकांशी जोडले जाऊ लागले आणि बाईच्या हाती स्वतःच्या नावाचे पासबुक आले.

या वाटचालीत एक उणीव मात्र राहिली. अनेक मंडळांचा वर्षातला मोठा सोहळा म्हणजे हळदीकुंकू, आणि पती निधन पावलेली स्त्री त्यातून आपसूक बाहेर पडे. पत्नी बहुधा वयाने लहान असते व स्त्रियांचे आयुर्मानही अधिक असते. म्हणजे सोबतीची निकड सर्वांत जास्त असते, नेमक्या त्याच वयात अनेकींची बैठक सुटते.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. त्याच मातीत, शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला : कुंकू पुसणे नको, बांगड्या फोडणे नको. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ठराव ग्रामसभा करते. पण आमंत्रण शेजारणीनेच द्यावे लागते.

वैद्यकीय दृष्टीने हे आमंत्रण मोलाचे आहे. एकाकीपणाचा संबंध हृदयविकार, पक्षाघात, नैराश्य व स्मृतिभ्रंश यांच्याशी आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सामाजिक संबंधांसाठी स्वतंत्र आयोग नेमला, तो याच जाणिवेतून.

तेव्हा काळजीवाहकांनो, एवढे करून पाहा. बैठक दुपारी, उजेडात ठेवण्यास सुचवा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी सतरंजीशेजारी खुर्च्या असू द्या. ऐकू कमी येत असेल तर श्रवणतपासणी करून घ्या; संकोचाने गप्प बसणारी बाई पुढे येईनाशी होते. जाताना-येताना कोणाचा तरी हात धरायला हवा. आरोग्य सेविकेला विनंती करून महिन्यातून एकदा तेथेच सर्वांचा रक्तदाब मोजून घ्या. नेहमी येणारी सदस्य दोनदा गैरहजर राहिली, तर कोणीतरी तिच्या घरी जावे. आजाराची पहिली चाहूल पुष्कळदा अशा गैरहजेरीतूनच लागते.

आजीबाईंना रिकाम्या हाताने बसवू नका. गोधडीचा टाका, सांडग्यांचे प्रमाण, भजनाची चाल हे त्यांना येते. ते शिकवण्याचे काम त्यांना द्या. आणि घरी रुग्णसेवा करणाऱ्या सूनबाईंनाही आठवड्यातून एक दुपार मंडळासाठी मोकळी मिळावी. तेवढा वेळ घरातील पुरुषांनी रुग्णाजवळ थांबावे. औषधाच्या वेळा त्यांनाही लिहून ठेवता येतात.