गुन्हा कशाला म्हणतात: काही रूढ समज आणि कायद्यातील वस्तुस्थिती

जे कृत्य समाजाला निंद्य वाटते ते गुन्हा असलेच पाहिजे, हा समज फार जुना असला तरी कायद्याला तो मान्य नाही. अमलात असलेल्या कायद्याने ज्या कृतीसाठी, किंवा बंधनकारक कर्तव्य टाळण्यासाठी, शिक्षा ठरवून दिलेली असते तोच गुन्हा. आणि कृत्य घडले तेव्हा ते शिक्षापात्र नसेल, तर नंतर कायदा करून त्याबद्दल कोणाला दोषी ठरवता येत नाही, अशी हमी राज्यघटनेचा अनुच्छेद २०(१) देतो. व्यभिचारासंबंधीचे कलम सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी घटनाबाह्य ठरवले, त्यामुळे तो गुन्हा राहिला नाही. मात्र घटस्फोट मागण्याचे कारण म्हणून तो आजही कायम आहे. याउलट, जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणे ही पिढ्यानपिढ्या जातीची अंतर्गत बाब मानली गेली, आणि महाराष्ट्राच्या स्वतंत्र कायद्यानुसार ते तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र ठरण्यासाठी २०१७ साल उजाडावे लागले. हा विलंब क्लेशदायक म्हणावा लागेल.

‘पोलिसांनी नुसती एनसी लिहून घेतली, म्हणजे गुन्हाच घडला नाही’ हा दुसरा समज सामान्य माणसाचे अधिक नुकसान करतो. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. तो गुन्हाच असतो, परंतु दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविना पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही आणि वॉरंटाविना अटकही करता येत नाही. दखलपात्र गुन्ह्यात मात्र पोलीस स्वतःहून तपास सुरू करू शकतात. भांडणात कोणी तोंडावर ठोसा मारला आणि ओठ सुजला, तर ती साधी दुखापत, म्हणजे अदखलपात्र बाब. त्याच ठोशाने दात तुटला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार ती गंभीर दुखापत ठरते, गुन्हा दखलपात्र होतो आणि कमाल शिक्षा एका वर्षावरून सात वर्षांवर जाते. म्हणूनच मारहाणीनंतर वैद्यकीय तपासणी करून घेण्यास इतके महत्त्व आहे. एनसी नोंदवल्यावर फिर्यादीने दंडाधिकाऱ्यांकडे जावे, असे कायद्यालाच अपेक्षित आहे. पण ठाण्यातून कागद हाती पडताच बहुतेक जण वाट सोडून देतात. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळूनही पोलिसांनी एफआयआर नोंदवला नाही, तर ते बेकायदेशीर ठरते, हे ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे.

अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळणारच नाही, असेही नाही. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो, तर अजामीनपात्र गुन्ह्यात तो द्यावा की नाही हे न्यायालय ठरवते.

उसने दिलेले पैसे बुडवणे म्हणजे फसवणूक, ही समजूतही तपासून घ्यावी लागते. फसवणुकीचा गुन्हा ठरण्यासाठी पैसे घेतानाच अप्रामाणिक हेतू असावा लागतो. व्यवहारानंतर परतफेड न जमणे हा दिवाणी वाद असून त्यासाठी वसुलीचा दावा लावावा लागतो. मात्र त्याच देण्यापोटी दिलेला धनादेश न वटता परत आला, बँकेकडून ते कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस दिली आणि ती मिळाल्यावर पंधरा दिवसांतही रक्कम आली नाही, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली गुन्हा होतो. त्याची तक्रार पोलीस ठाण्यात नव्हे, थेट न्यायालयात करायची असते, आणि अशी प्रकरणे पक्षकारांना आपसांत मिटवताही येतात.

आपसांत मिटवण्याची ही मुभा सर्वच गुन्ह्यांना नसते, कारण गुन्हा हा केवळ पीडिताविरुद्ध नव्हे तर राज्याविरुद्धही मानला जातो आणि खटला सहसा सरकार चालवते. साध्या दुखापतीचे प्रकरण दुखापत झालेली व्यक्ती मिटवू शकते. खून किंवा बलात्काराच्या प्रकरणात मात्र ‘तक्रार मागे घेतली’ असे फिर्यादीने शंभर वेळा लिहून दिले, तरी तेवढ्याने खटला संपत नाही.