एमकॉम की एमएड?

वाणिज्य शिकवायचं ठरवलेल्यांचा पहिला गोंधळ पदव्यांच्या नावांचा असतो. एमकॉम म्हणजे विषयाचं ज्ञान. एमएड म्हणजे अध्यापनशास्त्राचा अभ्यास. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला शिकवायचं तर एमकॉम आणि बीएड ही जोडी लागते. वरिष्ठ महाविद्यालयात बीएड लागत नाही. तिथे एमकॉमला साधारणपणे 55 टक्के आणि जोडीला नेट किंवा सेट. एमएड आहे दोन वर्षांचं, बीएडनंतरचं. बीएड महाविद्यालयात भावी शिक्षक घडवायचे असतील, तर ते कामाचं. केवळ नावापुढे शोभतं म्हणून त्यात दोन वर्षं घालू नयेत, असं माझं मत.

पण शिकवण्याचं शास्त्र कशाला हवं? पुस्तपालनाच्या तासाला एखादी मुलगी विचारते, “सर, बँकेत पैसे भरले की आपल्या वहीत बँक खातं नावे, मग पासबुकात तेच जमा कसं?” पाठ केलेला नियम इथे अपुरा पडतो. एकच व्यवहार दोन वह्यांतून दाखवावा लागतो: आपल्या वहीत बँक आपली देणेकरी, बँकेच्या वहीत आपण तिचे सावकार. फळ्यावर दोन खाती शेजारी-शेजारी काढली की वर्ग हसतो, आणि मग बँक जुळवणी पत्रकाला हात घालता येतो.