जोडणारे आणि सावरणारे : डॉस संगणकांचा काळ आणि बँकेची शाखा

दिल्लीहून उत्तरेकडे जाताना पानिपत शहराच्या परिसरात 'काला अंब' नावाचे स्मारक लागते. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठी सैन्याचा जेथे घात झाला, त्या रणभूमीची ही खूण. येथील आंब्याचे झाड रक्ताने काळे पडले, अशी आख्यायिका असून त्यावरूनच या जागेला हे नाव मिळाले. मराठी माणूस येथे पोहोचला की स्तंभासमोर क्षणभर स्तब्ध उभा राहतो. भाऊसाहेब, विश्वासराव, इब्राहिमखान गारदी यांची नावे निघतात. मात्र या रणसंग्रामाचा एक धागा बँकिंग व्यवसायाशी येऊन जुळतो, याची आठवण सहसा कोणाला होत नाही.

ऑक्टोबर १७६० मध्ये अहमदशहा अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठी सैन्याचा दिल्लीशी व दक्षिणेशी असलेला मार्ग तुटला. त्यानंतरचे जवळजवळ अडीच महिने छावणीची भरवशाची खबर पुण्याच्या राज्यकर्त्यांना मिळणे दुरापास्त झाले. मदतीसाठी उत्तरेकडे निघालेले नानासाहेब पेशवे भेलशाच्या आसपास असताना त्यांच्या हाती जे पत्र आले, ते कोणा सरदाराचे नव्हते. ते एका सावकाराचे पत्र होते. मोती, मोहरा आणि खुर्दा अशा सराफी परिभाषेत त्यात पराभवाचा हिशेब मांडला होता. राज्याचे दळणवळण खुंटले, तेव्हाही पेढ्यांचे दळणवळण चालू होते!

निरोप पोहोचला पाहिजे आणि नोंद शाबूत राहिली पाहिजे, या दोन गोष्टींवर सावकारी पेढी उभी होती व आजची बँकही उभी आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस शाखाशाखांतून संगणक आले, तेव्हा हेच दोन प्रश्न नव्या वेषात समोर आले. त्या संगणकांवर 'डॉस' नावाची कार्यप्रणाली होती आणि तिच्यापाशी या दोन्ही प्रश्नांची पुरेशी उत्तरे नव्हती. ती दिली डॉसच्या अवतीभवती वाढलेल्या दोन प्रकारच्या सॉफ्टवेअरनी. एक प्रकार संगणकांना एकमेकांशी जोडणारा, तर दुसरा संगणकाला सावरणारा.

आयबीएम कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला आणि त्यासोबत मायक्रोसॉफ्टची डॉस आली. काळा पडदा, त्यावर एक अक्षर आणि पुढे लुकलुकणारी रेघ, एवढेच तिचे दर्शनी रूप. चित्रे नाहीत, माऊसची गरज नाही. आज्ञा टंकलिखित करावयाची आणि उत्तराची वाट पाहावयाची. तिची रचनाच मुळी 'वैयक्तिक' होती. एका वेळी एक माणूस आणि एका वेळी एक काम, एवढाच संसार तिने गृहीत धरला होता. कार्यक्रमांना वापरता येणारी स्मृती ६४० किलोबाइट. आजच्या मोबाइलने काढलेले एखादे छायाचित्रही याहून कितीतरी अधिक जागा व्यापते. टंकलेखन किंवा घरगुती जमाखर्च यासाठी हे पुरेसे होते. परंतु बँकेची शाखा म्हणजे काही एकट्याचा संसार नव्हे.

भारतीय बँकांत यंत्रे आली ती वाटाघाटींच्या मार्गाने. नोकऱ्या जातील, ही कर्मचाऱ्यांची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. त्या काळात बेरोजगारी हा घराघरातला विषय होता. ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँक व्यवस्थापने व कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला आणि मर्यादित यांत्रिकीकरणाचा मार्ग खुला झाला. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील रिझर्व्ह बँकेच्या समितीने १९८४ साली आपला अहवाल दिला. शाखांमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन' बसविण्याची कल्पना याच पर्वातील. जुन्या कर्मचाऱ्यांच्या तोंडी ते 'एएलपीएम' म्हणूनच राहिले.

ही यंत्रे सुटी असत. बचत खात्यांची खतावणी एका यंत्रात, चालू खात्यांची दुसऱ्यात. दिवसाचे काम संपले की माहिती फ्लॉपीवर उतरवून घ्यावयाची आणि ती फ्लॉपी दुसऱ्या टेबलावर किंवा दुसऱ्या कार्यालयात न्यावयाची. जाळे होते असे म्हणता येईल, पण ते माणसाच्या पायांनी चालत होते. ३६० किलोबाइट मावणारी ती सव्वापाच इंची लवचिक तबकडी दुमडली, तिला बोटांचे ठसे लागले किंवा ती चुंबकाजवळ राहिली, तर दिवसभराचे काम वाया जाण्याची धास्ती असे. म्हणून एकीच्या दोन प्रती काढण्याचा शिरस्ता पडला आणि फ्लॉपीच्या वेष्टनावर तारीख घालणे हे रोजकीर्द लिहिण्याइतकेच पवित्र कर्तव्य ठरले.

सुट्या यंत्रांची खरी अडचण एका साध्या उदाहरणातून ध्यानात येईल. एका संयुक्त खात्यात ५,००० रुपये शिल्लक आहेत. पती एका खिडकीवर ३,००० रुपये काढण्यासाठी उभा आहे आणि त्याच क्षणी पत्नी दुसऱ्या खिडकीवर ४,००० रुपये मागत आहे. दोन्ही यंत्रांना शिल्लक ५,००० दिसते आणि दोन्ही खिडक्यांवरून पैसे दिले जातात. शेवटी नोंदवणाऱ्या यंत्राने आपली शिल्लक लिहिली की आधीची नोंद पुसली जाते. बँकेतून ७,००० रुपये गेलेले असतात आणि खात्यात मात्र १,००० किंवा २,००० रुपये शिल्लक दिसते. कागदी खतावणीच्या काळात हा पेच उद्भवत नसे, कारण वही एकच असे आणि ती एका वेळी एकाच्याच हातात असे. जाड कापडी बांधणीची ती खतावणी अनेकांना अडगळ वाटे. तथापि तिच्या वजनातच एक शिस्त होती.

ही शिस्त संगणकात आणण्याचे काम नेटवर्क सॉफ्टवेअरने केले. डॉसच्या १९८४ मधील तिसऱ्या आवृत्तीत 'शेअर' नावाची एक छोटी आज्ञावली आली. एकच फाइल दोघांनी उघडली तर तिच्यातील कोणता भाग कोणाच्या ताब्यात आहे, याची ती नोंद ठेवी. पुढच्याच वर्षी आलेल्या ३.१ या आवृत्तीत नेटवर्कचा आधार मिळाला. मात्र कार्यालयांतून ज्या नावाचा दबदबा निर्माण झाला ते होते अमेरिकेतील नॉव्हेल कंपनीचे 'नेटवेअर'. भारतातही नेटवर्क म्हणजे नॉव्हेल, असे समीकरण कित्येक वर्षे रूढ होते.

त्याची मांडणी चतुर होती. खोलीत एक मोठा संगणक सर्व्हर म्हणून ठेवलेला असे आणि त्यावर नेटवेअर ही स्वतंत्र कार्यप्रणाली चाले. खिडक्यांवरचे संगणक मात्र डॉसचेच. ते सुरू होताना 'आयपीएक्स' आणि 'नेटएक्स' या दोन छोट्या आज्ञावली स्मृतीत जाऊन बसत आणि पडद्याआडून पहारा करीत. कार्यक्रमाने 'सी' ड्राइव्हमधील फाइल मागितली तर ती मागणी डॉसकडे जाई. 'एफ' ड्राइव्हमधील मागितली तर पहारेकरी ती तारेवरून सर्व्हरकडे पाठवीत. बिचाऱ्या डॉसला वाटे की आपल्याला आणखी एक तबकडी जोडलेली आहे. या पहारेकऱ्यांना लागणारी जागा त्या ६४० किलोबाइटमधूनच जात असल्याने ती वाचविणे हीदेखील एक कलाच होती. १९९१ सालच्या पाचव्या आवृत्तीने अशा आज्ञावलींना वरच्या मजल्यावर नेऊन बसविण्याची सोय केली, तेव्हा अनेक संगणक कक्षांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल.

फॉक्सप्रो किंवा क्लिपर यांसारख्या भाषांत लिहिलेल्या कार्यक्रमांना आता खात्याची एकच नोंद कुलूपबंद करता येऊ लागली. पहिल्या खिडकीवर पतीचे खाते उघडले की दुसऱ्या खिडकीवर 'रेकॉर्ड इज इन यूज बाय अनदर' असा संदेश झळके. कर्मचाऱ्यांना तो संदेश कटकटीचा वाटे आणि ग्राहकाला उगाच थांबावे लागे. परंतु ते चार क्षण थांबणे म्हणजेच जुनी एकमेव खतावणी पुन्हा एका हातात आल्याची खूण होती.

नेटवेअरची आणखी एक सोय बँकांच्या दृष्टीने मोलाची ठरली. एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यात जमा होण्यापूर्वीच वीज गेली, तर काय? व्यवहारांचा माग ठेवणारी यंत्रणा सर्व्हरवर कार्यान्वित केलेली असल्यास ती अर्धवट राहिलेला व्यवहार पुन्हा चालू होताना मागे फिरवी. नावे झाले पण जमा झाले नाही, अशी लटकती अवस्था शिल्लक राहत नसे. तेरजेचा मेळ न बसल्यामुळे रात्री उशिरापर्यंत शाखेत बसलेल्यांना याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

तार मात्र नाजूक होती. त्या काळची जोडणी दूरदर्शनच्या तारेसारख्या दिसणाऱ्या एकाच केबलवरून एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जात असे. जोडांच्या ठिकाणी इंग्रजी 'टी' अक्षरासारखे धातूचे तुकडे आणि दोन्ही टोकांना ५० ओहमची टोपणे. एका टप्प्यात केबलची लांबी १८५ मीटरपर्यंतच ठेवता येई. कोणाच्या पायाने खुर्चीखालचा जोड निसटला की केवळ तोच संगणक बंद न पडता सारी रांग बंद पडे. बागपतचा घाट अडला आणि छावणी एकाकी झाली, त्याचेच हे लघुरूप. मग खिडकी ते खिडकी वाकून प्रत्येक जोड हाताने चाचपून पाहणे आले.

आता सावरणाऱ्यांविषयी. डॉस फाइल पुसते म्हणजे काय करते, हे समजल्यावर अनेकांना आश्चर्य वाटे. ती फाइलच्या नावाचे फक्त पहिले अक्षर एका विशेष खुणेने बदलते आणि तिची जागा मोकळी झाली असे आपल्या कोष्टकात नोंदवते. मजकूर जेथल्या तेथे असतो. पीटर नॉर्टन यांनी १९८२ साली आणलेल्या 'नॉर्टन युटिलिटीज'ने याच गोष्टीचा आधार घेऊन पुसलेल्या फाइली परत मिळवून दिल्या. कार्यक्रम वापरणाऱ्यालाच विचारी, 'पहिले अक्षर कोणते होते?' तेवढे सांगता आले आणि दरम्यान त्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले नसले, तर हरवलेले परत येई. म्हणून चुकून फाइल पुसली गेल्यास त्या यंत्राला कोणी हात लावू नये, हा पहिला नियम होता. पुढे डॉसच्या पाचव्या आवृत्तीत ही सोय अंगभूतच आली.

फ्लॉपीने माहितीसोबत रोगही आणला. लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा विषाणू १९८६ पासून फ्लॉपीच्या आरंभीच्या भागात दडून देशोदेशी पोहोचला. १९९१ मध्ये आढळलेला 'मायकेलअँजेलो' त्याहून घातक होता. ६ मार्च रोजी संगणक सुरू केला की तो तबकडीवरील माहितीचा आरंभच खोडून टाकी. ज्या फ्लॉपीतून खतावणी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात होती, तिच्यातूनच हे पाहुणे येण्याची भीती होती.

या संकटावरचे एक उत्तर पुण्यात तयार झाले. मूळचे सातारा जिल्ह्यातील कैलाश काटकर हे दहावीनंतर गणकयंत्रांच्या दुरुस्तीच्या कामाला लागले. अशाच कामानिमित्त बँकेत जात असता संगणक त्यांच्या पाहण्यात आला आणि यापुढे दुरुस्ती करावयाची ती या यंत्राची, हे त्यांनी ओळखले. धाकटे बंधू संजय यांना त्यांनी संगणकशास्त्र शिकविले. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत विषाणूंचा उपद्रव वाढत गेला, तसे संजय यांनी ते काढून टाकणारी सॉफ्टवेअर लिहिली. त्यातूनच १९९५ साली डॉससाठीचे 'क्विक हील' आकाराला आले. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या त्यांच्या कंपनीने २००७ मध्ये हेच नाव स्वीकारले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले. बँकेतील यंत्राकडे पाहणाऱ्या शेकडो लोकांपैकी एकाला त्यात आपला उद्योग दिसावा, ही गोष्ट कर्ज विभागात बसणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी आहे.

पुण्यातच सी-डॅक या संस्थेने आणखी एक गाठ सोडविली. डॉसला केवळ रोमन लिपी येत असे. आयआयटी कानपूर येथे आरंभ झालेले 'जिस्ट' तंत्रज्ञान सी-डॅकने एका कार्डाच्या रूपात आणले. ते संगणकात बसविले की त्याच काळ्या पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत, तीही जोडाक्षरांसह. १९९१ साली भारतीय लिप्यांच्या संकेतांना राष्ट्रीय मानक लाभले आणि मराठी नावे मराठीत साठविणे शक्य झाले.

एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी हे सारे पर्व वेगाने मावळले. १ जानेवारी २००१ पर्यंत ७० टक्के व्यवसाय संगणकाखाली आणण्याचे उद्दिष्ट केंद्रीय दक्षता आयुक्तांनी बँकांपुढे ठेवले होते. हैदराबादच्या आयडीआरबीटीने १९९९ मध्ये 'इन्फिनेट' हे बँकांचे उपग्रहाधारित जाळे सुरू केले. त्यामागून कोअर बँकिंग आले आणि प्रत्येक शाखेतील स्वतंत्र सर्व्हरची खोली रिकामी झाली. खातेदार शाखेचा न राहता बँकेचा झाला. २००४ साली आलेल्या आरटीजीएसने मोठी रक्कम एका बँकेतून दुसऱ्या बँकेत त्याच दिवशी, त्याच घटकेला पोहोचू लागली.

डॉसची एक खूण तेवढी विंडोजच्या संगणकांवर टिकून आहे. त्यांतील मुख्य तबकडीला आजही 'सी' म्हणतात, कारण 'ए' आणि 'बी' ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखून ठेवलेली होती. फ्लॉपी गेली, ती दोन अक्षरे बहुतेक संगणकांवर अद्याप मोकळीच आहेत.