बारावीला टक्के कमी पडले, म्हणून मोठ्या विद्यापीठांचे दरवाजे बंद होतात का?

२०२५ साली महाराष्ट्र बोर्डाचा बारावीचा निकाल ५ मेला लागला आणि सीयूईटी १३ मेला सुरू झाली. सीयूईटी म्हणजे दिल्ली, बनारस, हैदराबाद अशा केंद्रीय विद्यापीठांतल्या पदवी प्रवेशाची सामायिक परीक्षा. मध्ये फक्त आठ दिवस. निकाल मनासारखा नसला की या आठ दिवसांत आपल्या घरांत काय होतं ते खराडी-चंदननगरमध्ये कुणाला वेगळं सांगायला नको. नातेवाइकांचे फोन सुरू होतात, अम्मी गप्प होते, अब्बू म्हणतात, "५८ टक्क्यांत दिल्ली कसली? जवळचं कॉलेज बघ." आणि फॉर्म भरलेला असूनही मूल परीक्षेला जात नाही.

हा निर्णय अपुऱ्या माहितीवर होतो, म्हणून आम्ही हे सविस्तर लिहितो आहोत. दिल्ली विद्यापीठाच्या गुणवत्ता यादीत ते ५८ टक्के मोजलेच जात नाहीत. विद्यार्थी बारावी पास हवा, पुढचं सगळं सीयूईटीच्या गुणांवर. दोन मुलांचे गुण अगदी सारखे आले, तरच बारावीचे मार्क बाहेर काढतात.

लोकांचा समज मात्र जुन्या बातम्यांवर बसलेला आहे, आणि त्यात त्यांचा दोष नाही. २०२१ पर्यंत दिल्लीत बारावीच्या टक्क्यांवरच प्रवेश व्हायचे. त्या वर्षी हिंदू कॉलेजात राज्यशास्त्राचा कट-ऑफ १०० टक्क्यांवर गेला होता, श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्समध्येही तेच. "९९ वाल्यालाही मिळालं नाही" ही बातमी सगळ्यांनी वाचली. २०२२ पासून पद्धत बदलली, ती बातमी तितकी पोहोचली नाही.

आता मुद्द्याचं. निवड कडक असलेली जेवढी ठिकाणं आहेत, तिथे बारावीच्या टक्क्यांना सगळीकडे सारखी किंमत नाही. काही ठिकाणी टक्क्यांवरच नंबर लागतो. पुण्यात फर्ग्युसनसारख्या कॉलेजात बीए-बीएस्सीची मेरिट लिस्ट बारावीच्या गुणांवर लागते. तिथे ५८ टक्के असले तर आशा धरू नये, हे सरळ सांगितलेलं बरं. पण बहुतेक मोठ्या ठिकाणी टक्के हा फक्त उंबरठा असतो. तो ओलांडला की ५८ आणि ९८ सारखेच. राज्यातली इंजिनिअरिंग कॉलेजं घ्या, अगदी शिवाजीनगरचं सीओईपीसुद्धा. खुल्या गटाला भौतिक, रसायन, गणित मिळून ४५ टक्के हवेत, नंबर एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर. वैद्यकीयला जीवशास्त्रासह विज्ञान विषयांत ५०, बाकी नीट. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची राष्ट्रीय विधी विद्यापीठं बारावीला ४५ टक्के मागतात आणि क्लॅटवर प्रवेश देतात. लॉ कॉलेज रोडवरच्या आयएलएसला पाच वर्षांच्या लॉसाठी राज्याची लॉ सीईटी. बीबीए-बीसीएलाही २०२४ पासून राज्यात सीईटी आहे, आणि अजूनही पालक निकालानंतर थेट कॉलेजच्या खिडकीवर जातात.

काही ठिकाणी टक्क्यांचा उंबरठाही नाही. कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट बी.स्टॅटसाठी बारावीला गणित आणि इंग्रजी असावं एवढंच बघते, मग स्वतःची परीक्षा आणि मुलाखत. परीक्षा भयंकर अवघड आहे, पण मार्कशीट कुणी उलटून पाहत नाही. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बीएस अभ्यासक्रम २०२० पासून चालू आहे. त्याला जेईई लागत नाही. चार आठवडे अभ्यास, मग क्वालिफायर, पास झालात की आत. ईऑन आयटी पार्कच्या शेजारी राहणाऱ्या आणि दिवसा कुठे तरी काम करणाऱ्या मुलासाठी ही वाट आम्हाला सगळ्यात व्यवहारी वाटते. फक्त हे बीटेक नाही, हे आधी समजून घ्यावं.

जामिया मिल्लिया आणि अलिगढबद्दल आपल्याकडे सर्वात जास्त विचारणा असते. दोन्हीकडे काही अभ्यासक्रम सीयूईटीतून भरतात, बाकीचे विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेतून, म्हणून फॉर्मही वेगळे. बहुतेक पदवी अभ्यासक्रमांना बारावीत साधारण ५० टक्के लागतात. जामियाला २०११ मध्ये अल्पसंख्याक संस्थेचा दर्जा मिळाला आणि निम्म्या जागा मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी राखीव झाल्या. त्यात मुलींचा आणि मुस्लिम ओबीसींचा वेगळा वाटा आहे. मुलीला एवढ्या लांब कसं पाठवायचं, हा प्रश्न खरा आहे, तो उडवून लावण्यासारखा नाही. पण अलिगढमध्ये शेख अब्दुल्ला यांनी १९०६ साली सुरू केलेल्या मुलींच्या शाळेचंच पुढे विमेन्स कॉलेज झालं, आणि वसतिगृहाची परंपराही तिथे जुनी आहे. जामियासाठी पुण्याहून थेट हजरत निजामुद्दीनची दुरांतो मिळते.

सीयूईटीबद्दल दोन-तीन गोष्टी इथेच सांगतो. परीक्षा १३ भाषांत देता येते, त्यात मराठी आणि उर्दू दोन्ही आहेत. २०२५ पासून जास्तीत जास्त पाच विषय घेता येतात. प्रत्येक पेपरला ५० प्रश्न, ६० मिनिटं, बरोबर उत्तराला पाच गुण, चुकलं तर एक वजा. अडचण वेगळीच आहे. प्रश्न एनसीईआरटीच्या पुस्तकांवर येतात आणि आपली मुलं बालभारती वाचून बारावी देतात. क्रम वेगळा, मांडणी वेगळी. एनसीईआरटीची पुस्तकं मराठीत नाहीत, पण हिंदी, इंग्रजी आणि उर्दूत आहेत आणि संकेतस्थळावर फुकट मिळतात. घरात कुणी उर्दू माध्यमाचं असेल तर मोठाच आधार होतो. आणि सीयूईटी दिली म्हणजे दिल्लीत अर्ज झाला असं नाही. निकालानंतर दिल्ली विद्यापीठाच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते. मुलं इथेच गळतात.

फॉर्मची मुदतही आपल्यासाठी गैरसोयीची पडते. २०२५ साली ती १ मार्चला सुरू झाली आणि २४ मार्चला संपली. २ मार्चपासून रोजे, त्यातच बारावीचे पेपर. इफ्तार, तरावीह, उद्याचा पेपर, आणि ओटीपी अब्बूंच्या मोबाइलवर. ज्या घरात फॉर्म आधीच ठरलेला नव्हता तिथे तो राहूनच गेला.

आता जिथे टक्के खरोखर आडवे येतात, तेही सांगायला हवं. आयआयटी आणि एनआयटीच्या प्रवेशाला जेईईत कितीही चांगला रँक असला तरी बारावीला ७५ टक्के हवेत, किंवा आपल्या बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव हवं. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ६५ टक्के. ७५ हुकले की लोक लगेच हार मानतात, पण ही "किंवा"वाली अट वाचून, त्या वर्षीचा आपल्या बोर्डाचा आकडा तपासल्याशिवाय सोडू नका. मोठ्या आयआयएममध्येही पुढे एमबीएच्या वेळी दहावी-बारावीचे गुण हिशेबात धरतात. आणि आपल्या दारातली गोष्ट म्हणजे खराडीतल्या आयटी पार्कात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, कॅम्पस भरतीत "६० थ्रूआउट" म्हणजे काय ते तो सांगेल. दहावी, बारावी, पदवी, सगळीकडे ६० टक्के. अशी अट अनेक कंपन्या लावतात. म्हणून ५८ टक्के असलेल्या मुलाने फक्त प्रवेशाचा नाही, चार वर्षांनंतरचाही विचार करावा.

त्यासाठी बोर्डाची श्रेणीसुधार योजना आहे. पास झालेल्या विद्यार्थ्यालाही सगळे विषय घेऊन पुन्हा बसता येतं, जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेला किंवा पुढच्या फेब्रुवारी-मार्चला. दोन-चार टक्क्यांसाठी हे करावं का? आमच्या मते ५८ चे ६० किंवा ७३ चे ७५ होणार असतील तर जरूर करावं. ६६ चे ६९ करण्यासाठी वर्ष घालवण्यात अर्थ नाही. ती मेहनत प्रवेश परीक्षेवर लावा. एखाद्याच विषयात अनपेक्षित मार्क पडले असतील तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. ती मिळाल्यावरच पाच दिवसांच्या आत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. छायाप्रतीची मुदत निकालानंतर साधारण दोन आठवडे असते, आणि ती बहुतेकांची रडण्यात आणि कॉलेज शोधण्यात जाते.

परदेशाची स्वप्नं बघणाऱ्यांसाठी थोडंसं. जर्मनीत फी जवळजवळ नाही म्हणून खूप जण विचारतात, पण तिथे नुसत्या भारतीय बारावीवर थेट प्रवेश होत नाही. इथे विद्यापीठात एक वर्ष पूर्ण केलेलं असावं, किंवा जेईई अॅडव्हान्स्ड पास, किंवा तिथला पूर्वतयारीचा अभ्यासक्रम. २०१६ साली मुंबईच्या एका १७ वर्षांच्या मुलीला अमेरिकेच्या एमआयटीने घेतलं, तिच्याकडे दहावी-बारावीचं सर्टिफिकेटच नव्हतं. आयआयटीचं दार तिला त्याच कारणाने बंद होतं. मात्र तिच्याकडे आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडची तीन पदकं होती. ही गोष्ट व्हॉट्सअॅपवर फिरते तेव्हा पदकांचं वाक्य बहुधा गळलेलं असतं.

राहिला सगळ्यात वादाचा विषय, गॅप. "वर्ष वाया" हे शब्द आपल्याकडे फार लवकर तोंडातून निघतात, मुलीच्या बाबतीत तर त्याआधीच स्थळं येऊ लागतात. दिल्ली विद्यापीठाच्या नियमात गॅप हा अडथळा नाही. राज्यातल्या प्रवेशांना गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं, ते नोटरीकडे करून मिळतं. घरी बसणं नको असेल तर मधला मार्ग आहे. पूना कॉलेज, आझम कॅम्पसचं आबेदा इनामदार किंवा जवळच्या कुठल्याही कॉलेजात एफवायला प्रवेश घ्यायचा आणि पुढच्या वर्षी सीयूईटी किंवा क्लॅट द्यायची. रामवाडीपर्यंत मेट्रो आल्यापासून खराडीच्या मुलींना शहरात जाणं-येणं सोपं झालं आहे. एवढंच करा की प्रवेश रद्द करताना दाखला आणि मूळ कागद परत घ्या. कॉलेजांनी मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नयेत, असं यूजीसीने २०१८ मध्येच बजावलं आहे. आणि "इतके लाख द्या, सीट पक्की" म्हणणारा एजंट निकालानंतर नक्की भेटतो. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. पैसे बुडाले तर तक्रार करायलाही तोंड राहत नाही.

हे वर्ष हाताशी असेल तर पहिलं काम अभ्यासाच्याही आधीचं आहे, ते म्हणजे जातीचा दाखला. बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी, शिकलगार अशा अनेक बिरादऱ्या ओबीसीत आहेत. केंद्रीय विद्यापीठांत ओबीसींना २७ टक्के जागा आहेत. पण शाळेच्या दाखल्यावर नुसतं "मुस्लिम" लिहिलेलं असतं आणि तिथेच सगळं अडतं. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो: दादा-परदादांचा शाळेचा दाखला, महसुली कागद. कुटुंब बीड, लातूर, सोलापूरकडून खराडीत आलेलं असेल तर दाखला हवेलीतून नाही, मूळ गावच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडून काढावा लागतो. त्यात महिने जातात. केंद्रीय विद्यापीठाला केंद्राच्या नमुन्यातला आणि चालू आर्थिक वर्षातला नॉन-क्रिमीलेअर हवा, आणि बिरादरीचं नाव राज्याच्या यादीत असून भागत नाही, केंद्राच्या यादीतही असावं लागतं. ओबीसीत बसत नसाल तर ईडब्ल्यूएसचं १० टक्के आरक्षण बघा. उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, आणि केंद्राच्या नियमाप्रमाणे कुटुंबाचा फ्लॅट १,००० चौरस फूट किंवा त्याहून मोठा असेल तर ते मिळत नाही. खराडीतल्या नव्या सोसायट्यांतल्या कुटुंबांनी हे आधी तपासावं, गावाकडच्या शेताचा सातबाराही बरोबर घेऊन. पाच एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असली तरी हा दाखला मिळत नाही.