पोरांना वेळ कुठून द्यायचा? रोजच्या कामातच आहे उत्तर. बोर्डी-कोसबाडचा ८० वर्षांपूर्वीचा धडा पुनावळ्यातही लागू

पुनावळे : संध्याकाळी सात-साडेसातला आपल्या भागातल्या कुठल्याही घरात डोकावून बघा. कंपनीची बस हायवेला सोडून गेलेली असते. बाप हातपाय धुऊन टेकलेला असतो, आई भाकरी थापत असते आणि तीन-चार वर्षांचं पोरगं भिंतीला टेकून मोबाईल बघत असतं. समोर मोबाईल असेल तरच घास तोंडात जातो. टॉवरमधल्या फ्लॅटात हेच, चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत हेच आणि आमच्यासारख्या शेतकऱ्याच्या घरातही हेच. कुणी कुणाला नावं ठेवायची सोय राहिलेली नाही.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. धाकटी पोरगी चार वर्षांची आहे. परवा ती फरशीचा एक तुकडा कानाला लावून ओट्यावर बसली होती. मला वाटलं, खेळतेय. जवळ गेलो तर हात वर करून म्हणते, "थांब जरा, कामात आहे." हे वाक्य तिला टीव्हीनं शिकवलेलं नाही, ते माझं आहे. बातमीच्या फोनवर असताना ती जवळ आली की मी तिला हेच म्हणतो.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. "मुलांना वेळ द्या" असं सगळेच सांगतात. पण चाकणला शिफ्ट, हिंजवडीला ड्युटी, घरी दूध काढायचं, वर दोन भाजीचे वाफे बघायचे, अशा माणसानं वेळ आणायचा कुठून? याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात दोन बायांनी ८० वर्षांपूर्वी करून दाखवलं आहे. ते समजून घेऊ.

अंगण गेलं, लेकरू आत आलं

पुनावळे हे पवनेकाठचं गाव. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. पुढं हायवे आणि हिंजवडीची आयटी यांच्यामुळं जमिनीला भाव आला. शेतात इमारती उभ्या राहिल्या आणि घरापुढच्या अंगणात भाड्याच्या खोल्या. भाडं सुरू झालं हे खरं, त्यात घरं सावरली. पण पोरांची खेळायची जागा त्यातच गेली. पूर्वी आई भांडी घासायची, आजी धान्य पाखडायची आणि पोरं तिथंच मातीत असायची. आता रस्त्यावर डंपर आणि टँकर, म्हणून आपणच पोरांना दाराच्या आत ठेवतो. आत ठेवलं की हातात काहीतरी द्यावं लागतं. मोबाईल तिथूनच सुरू होतो.

बोर्डीत काय झालं होतं?

ताराबाई मोडक (जन्म १८९२) यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचं काम केलं. त्या काळात इटलीच्या मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीची मोठी चर्चा होती. लहान मूल हातानं वस्तू हाताळून शिकतं, हा तिचा गाभा. पण त्यासाठी लागणारी लाकडी साधनं महाग होती. ती शहरातल्या खात्यापित्या घरांना परवडायची, खेड्यात कोण आणणार?

१९४५ साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत होत्या अनुताई वाघ. अनुताई मूळच्या आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या, मोरगावच्या. लहानपणी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेली ही बाई शिकून शिक्षिका झाली होती.

या दोघींनी महागड्या साधनांचा नाद सोडला. बोर्डीला समुद्र आहे, तर शंखशिंपले घेतले. बिया, खडे, पानं, फुलं, माती, बांबू असं जे गावात पडलेलं होतं, त्याचीच साधनं केली. पोरं शाळेत येत नव्हती, तर वस्तीतल्या अंगणातच बालवाडी भरवली. पुढं काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी पोरं गुरं राखायला जायची, तर यांनी शाळाच गुरांमागं कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. "अंगणवाडी" हा शब्द यांच्याच कामातून आला. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात सुरू झाली, तेव्हा सरकारनं तोच शब्द उचलला. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली.

आपल्यासाठी यातला धडा सरळ आहे. पोरगं जिथं आहे तिथं जायचं आणि जे हाताशी आहे ते वापरायचं. आपण रोज स्वयंपाकघरात, गोठ्यात, गाडी धुताना असतो. पोरगंही तिथंच घुटमळत असतं. आपण त्याला "जा तिकडं" म्हणतो, तेवढंच बदलायचं आहे.

यानं पोरगं शिकतं कसं?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नमूद आहे की मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहा वर्षांच्या आत होते. म्हणजे पहिलीत नाव घालायच्या आधीच मोठं काम झालेलं असतं.

हे काम पुस्तकानं होत नाही, हातानं आणि बोलण्यानं होतं. पोरगं शेंग सोलतं तेव्हा अंगठा आणि दोन बोटं कामाला लागतात. पुढं पेन्सिल हीच तीन बोटं धरणार आहेत. वाल एका वाटीत आणि चवळी दुसऱ्या वाटीत टाकली की वेगवेगळं ओळखणं आलं. "मोठ्या वाटीत जास्त मावलं" हे त्याला बघूनच कळतं, तिथं गणिताची सुरुवात होते. आणि हे चालू असताना "आई, ही शेंग रिकामी का?" असं ते विचारतं. त्यावर आपण काहीतरी बोलतो, मग ते पुन्हा काही विचारतं. भाषा या देवाणघेवाणीतून वाढते. मोबाईल नुसता बोलत राहतो. पोराच्या प्रश्नाला तो उत्तर देत नाही.

घरात लगेच करता येईल असं

स्वयंपाक करताना : कणकेचा लिंबाएवढा गोळा हातात द्या. साप, चिमणी, दिवा, काहीही होऊ द्या. साप जाड झाला तर "असा नाही" म्हणू नका. त्याच कणकेची वेडीवाकडी पोळी भाजून त्याच्याच ताटात वाढा. स्वतः केलेलं पोरगं आवडीनं खातं. मेथीची जुडी निवडायला बसवा. अर्धी पानं खाली पडतील, पडू द्या.

शेतात, गोठ्यात : कोपऱ्यातला हातभर वाफा पोराच्या नावानं सोडा. मेथी किंवा धने टाकायला लावा. ज्यांना शेत नाही त्यांनी फुटक्या बादलीत, दुधाच्या पिशवीत माती भरा. मेथी चार-पाच दिवसांत वर येते, म्हणजे लहान पोराचा धीर सुटायच्या आत. पाणी घालायचं काम त्याचंच.

टाकाऊतून : पपईच्या देठाची पुंगी, पिंपळाच्या पानाची पिपाणी, ज्वारीच्या धाटाची बैलगाडी हे आजोबांना येतं. त्यांना सांगा, नातवाला करून दाखवा. खोक्याचं घर, वर्तमानपत्राची टोपी, बाटलीच्या झाकणांची चाकं, यात पैसा लागत नाही.

सणाला : भाद्रपदी पोळ्याला विकतच्या बैलांसोबत एक जोडी पोराच्या हातची मातीची असू द्या. घटस्थापनेला घराच्या घटाशेजारी पोराचा छोटा घट मांडा आणि रोज काडीनं उंची मोजायला लावा. दिवाळीत सोसायटीच्या कोपऱ्यातही किल्ला होतो. दगड, गोणपाट, माती आणि वर हळीव टाकले की दोन-तीन दिवसांत गडावर हिरवळ. चाळीत लातूरचं, यवतमाळचं, बिहारचं पोरगं असेल तर त्यालाही बोलवा. चिखल कालवायला भाषा एक असावी लागत नाही.

झोपताना : आजीला गोष्ट सांगू द्या. आजी गावाला असेल तर फोन तिला लावून द्या. मोबाईलचा हा वापर चांगला. गोष्ट रोज तीच मागितली तरी तीच सांगा. पुढं काय होणार हे ओळखण्यातच पोराला मजा येते.

टेल्को सोडून खेळणी करणारा इंजिनिअर

मोठ्या भावंडांसाठी एक नाव लक्षात ठेवा : अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरमधून १९७५ साली इंजिनिअर झालेला हा माणूस पुण्यात टेल्कोत ट्रक बनवायच्या नोकरीला होता. १९७८ मध्ये वर्षभराची रजा काढून ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला खेड्यातल्या मुलांच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले आणि पुढं आयुष्यभर कचऱ्यातून खेळणी हेच काम केलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांचं गाजलेलं साधन म्हणजे आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी. नळीच्या तुकड्यात काड्या खोचून त्रिकोण आणि चौकोन करायचा. दाबला की चौकोन वाकडा होतो, त्रिकोण तसाच राहतो. शेडच्या कैचीत त्रिकोण का असतात, हे सातवीतल्या पोराला एका मिनिटात कळतं. काड्यांचा गूळ आधी खरवडून काढा. त्यांच्या खेळण्यांचे व्हिडिओ मराठीतही मोफत आहेत. ते बघून खेळणं करायचं आणि फोन ठेवून द्यायचा.

मोबाईल किती?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये मर्यादा सांगितली आहे. एक वर्षाच्या आत स्क्रीन अजिबात नको, दुसऱ्या वर्षीही टाळावी. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी तर आणखी चांगलं. तीन-चार वर्षांच्या पोराला दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल आणि १० ते १३ तास झोप हवी.

मोबाईल एकदम बंद केला तर रडारड होणारच. आधी जेवणाचा मोबाईल सोडवा. पहिले तीन-चार दिवस पोरगं कमी खाईल, चिडेल. घरातल्या सगळ्यांनी एकच ठरवलं तरच निभतं. आई नाही म्हणते आणि काका हळूच देतो, असं झालं की संपलं.

एवढं सांभाळा

शेंगदाणे, हरभरे, चिंचोके, मणी तीन वर्षांच्या आतल्या पोराच्या हातात देऊ नका. नाकात जातात, घशात अडकतात. मोठ्यांनाही समोर बसूनच द्या. औषध फवारणीची बाटली किंवा डबा कितीही धुतला तरी खेळायला देऊ नका. भरलेली बादली, पाण्याचा हौद, विहीर यांच्याजवळ पोराला एकटं सोडू नका. धाटाची साल पात्यासारखी कापते, ती मोठ्यांनी काढावी.

तीन वर्षांवरचं पोरगं अंगणवाडीत जात नसेल तर सेविकाताईंना भेटा. नुसता खाऊ आणण्यापुरतं जाऊ नका, अर्धा तास बसून त्या पोरांना काय खेळायला लावतात ते बघा. घरी करण्यासारखं बरंच सापडेल.

आमच्या घरी सध्या एवढंच ठरलंय. संध्याकाळी भाजी निवडायची ती मी आणि धाकटीनं, आणि तेवढा वेळ फोन आतल्या खोलीत. तीन आठवडे झाले. दोनदा मोडलं, बातमीच तशी होती. काल घेवडा सोलताना तिनं एका शेंगेतून पाच दाणे काढले आणि घरातल्या माणसांची नावं ठेवली. आजी, आई, दादा, ती स्वतः. पाचवा दाणा हातात धरून जरा थांबली आणि म्हणाली, "हा पप्पा. हा आत्ताच घरी आला."